मांडी घालून बसा, भाऊ

धुळ्यात देवपूरला आमच्या होस्टेलच्या रस्त्यावर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, वाहतुकीच्या खुणांचा उन्हाने विटलेला तक्ता आणि दारासमोर उभी असलेली पांढरी छोटी गाडी. तिथे नाव घालण्याआधी मी बरेच दिवस नुसती समोरून ये-जा करत होते. आत जाऊन नेमकं काय विचारायचं, हे मला ठरवता येत नव्हतं. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरच्यांना वाटतं की आता हिला सगळं विचारता येत असेल. खरं उलट आहे. विचारलं की आपल्याला माहीत नाही हे समोरच्याला कळतं, म्हणून मी शक्यतो विचारत नाही.

पण बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आमच्या मॅडमनी वर्गात सांगितलं, की जळगावकडच्या, केळीची रोपं तयार करणाऱ्या एका कंपनीला फिल्डवर फिरणारी माणसं हवी आहेत. गावोगाव जायचं, शेतातली रोपं बघायची, रोग पडला असेल तर शेतकऱ्याला सांगायचं. गाडी कंपनी देणार, चालवायची आपण. "मुलींनी अर्ज केला तरी चालेल," मॅडम म्हणाल्या, "पण दरवर्षी मुलींचं गाडीपाशी अडतं." आणि त्या फळा पुसू लागल्या. मला ते 'अडतं' फार लागलं. अडतं म्हणजे काय? गाडीला काय कळतं कोण बसलंय ते?

माझे वडील ड्रायव्हर आहेत. एरंडोल तालुक्यातल्या आमच्या गावाहून ते रोज शेठजींचा ढेप-सरकीचा टेम्पो घेऊन निघतात, कधी जळगाव, कधी पहूर, कधी धुळे. म्हणजे खरं तर मला ड्रायव्हिंग स्कूलची गरजच नव्हती. मी फोनवर तसं विचारलंही.

"शेठनी गाडी शे, आपली नही," बाबा म्हणाले.

"मंग तुम्ही रिकाम्या मैदानात शिकाडा ना."

"तुले गाडी चालाडीसन काय करनं शे? लायसन्सनं कार्ड काढी ले. नोकरी लागनी की गाडी कोनी बी चालाडी."

"तुम्ही कसे शिकनात?"

"मी क्लीनर व्हतू. उस्तादनी मारी मारी शिकाडं. तुले मार खावाना शे का?"

तेव्हा मी झेरॉक्सच्या दुकानाशेजारच्या दारातून आत गेले.

शिकवणारे भाऊ चाळिशीचे, पोट थोडं सुटलेलं, बोलायला मोकळे. धुळ्यातल्या अर्ध्या बायका आपणच शिकवल्या, असं ते सांगत. माझ्याबरोबर सकाळच्या वेळेला एक भाभी होत्या. त्यांच्या घरचं बाजारातल्या एका गल्लीत किराण्याचं होलसेल दुकान, मूळचे राजस्थानचे, पण चार पिढ्या इथल्याच. भाभींचं मराठी आमच्यापेक्षा चांगलं आणि हिंदी त्यांच्या मनाला येईल तेव्हा. पहिल्या दिवशी मी लर्निंग लायसन्सची परीक्षा कशी झाली ते विचारलं, तर त्यांनी पर्समधून पक्कं लायसन्स काढून दाखवलं.

"हे आहे? मग तुम्ही इथे कशाला?"

"बेटा, हे पर्समध्ये असतं आणि गाडी गेटच्या आत असते. दोघांची अजून ओळख झाली नाही."

लग्नाआधी माहेरी त्यांच्या भावाने सगळ्या बहिणींची लायसन्सं एकदमच काढून आणली होती. टेस्टच्या वेळी भाभी गाडीत बसल्या होत्या एवढं त्यांना आठवत होतं. स्टिअरिंगच्या मागे की बाजूला, ते आठवत नव्हतं.

आमची पद्धत अशी होती. एक जण चालवणार, दुसरी मागे बसून बघणार, नकाणे रोडने तलावाच्या बाजूला जायचं आणि येताना अदलाबदल करायची. भाऊ डाव्या बाजूला बसायचे. ते म्हणायचे, "समोर बघा ताई. फक्त समोर. खाली बघायचं नाही, पाय आपोआप शिकतात." आणि खरोखरच तसं होत होतं. गिअर बदलायची वेळ आली की माझ्या पायाखालचा क्लच हलकेच खाली जायचा. समोर म्हैस आली की ब्रेक दाबला जायचा. मला वाटायचं, हे ड्रायव्हरच्या घरातलं रक्त असणार. दुसऱ्या आठवड्यात मी टॉप गिअर टाकला. होस्टेलवर मुलींना सांगितलं. बाबांनाही सांगितलं. ते नुसते "हं" म्हणाले, पण त्या 'हं'मध्ये बरं वाटल्याचं मला ऐकू आलं.

मग एके सकाळी भाऊंना फोन आला. गाडी नकाणे रोडला कडेला घेतलेली. ते उतरून रस्त्यापलीकडे गेले आणि तिकडूनच हाताने खूण करून म्हणाले, "ताई, गाडी जरा पुढे घ्या, त्या बाभळीच्या सावलीत लावा."

बाभूळ जेमतेम पन्नास पावलांवर होती. मी किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीने अशी उडी मारली की मागे भाभींचं डोकं माझ्या सीटवर आपटलं, आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा उडी, पुन्हा बंद. पलीकडून भाऊ फोन कानाला लावूनच हसत होते. मला कळेना. काल याच गाडीने मी तलावापर्यंत गेले होते.

"काय होतंय भाभी? काल तर..."

भाभी डोकं चोळत म्हणाल्या, "काल भाऊ गाडीत होते."

"पण चालवत मी होते."

"बेटा," त्या पुढे वाकल्या, "जरा तिकडे खाली बघ."

भाऊंच्या जागेसमोर, पाय ठेवायच्या जागी, दोन पेडल होती. एक क्लच, एक ब्रेक. मी माझ्या पायाने क्लच दाबला, तसा तिकडचाही खाली गेला. मी सोडला, तो वर आला. मी परत दाबला, परत सोडला. कितीदा दाबला कोण जाणे. ती पेडल पहिल्या दिवसापासून तिथे होती. समोर बघा, समोर बघा, म्हणून मी शहाण्या विद्यार्थिनीसारखी समोर बघत राहिले होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो. मला वाटलं तुला पण माहीत आहे. तू सायन्सची ना?"

त्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. होस्टेलच्या खोलीत बसून राहिले. राग भाऊंचा होता, पण फक्त त्यांचा नव्हता. बारावीला आमच्या प्रॅक्टिकलचं असंच झालं होतं. ब्युरेट काचेच्या कपाटात, आम्ही कपाटाबाहेर, आणि मार्क मात्र जवळजवळ पूर्ण. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पुढे इथे पहिल्या वर्षाला सरांनी टायट्रेशन करायला सांगितलं तेव्हा मी नळी उलटी धरली, आणि शहरातल्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या. त्या हसण्याचं मी आजही काही करू शकत नाही. पण त्यात निदान कोणी मेलं नव्हतं. आता मला कार्ड मिळणार, कंपनी गाडीची किल्ली देणार, आणि रस्त्याने शाळेतून मुलं घरी चाललेली असणार. तेव्हा बाजूला भाऊंचे पाय नसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीत बसले, किल्ली हातात घेतली आणि फिरवली नाही.

"चला ताई."

"भाऊ, तुम्ही पाय वर घ्या."

"काय?"

"पाय. सीटवर घ्या. मांडी घालून बसा."

भाऊंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मागे भाभींकडे. "मी काय पंगतीला बसलोय का, मांडी घालायला?"

"मग तुमच्या पायांनी चालते की माझ्या, ते मला कसं कळणार?"

"ताई, हे बघा." त्यांचा आवाज समजावणीचा झाला. "टेस्टला हीच गाडी असते. मी बाजूलाच असतो. साहेब बाहेर उभे असतात. गाडी पुढे जाते, मागे येते, थांबते. पास. आजवर माझं एकही माणूस नापास झालेलं नाही. तुम्ही कशाला घाबरता?"

"आणि टेस्टनंतर तुम्ही कुठे असता?"

"टेस्टनंतर?" ते खरंच गोंधळले. "टेस्टनंतर कोण चालवतंय? कार्ड आधार कार्डासारखं ठेवतात हो. बायका तर..."

"बायका तर काय?" मागून भाभी म्हणाल्या.

"तुम्हाला नाही म्हणत भाभी."

"मलाच म्हणताय. माझ्याशिवाय असं कार्ड आहे कोणाकडे या गाडीत? बोला ना, बायका तर काय?"

भाऊ चिडले. गाडी त्यांची, हप्ते त्यांचे, आदळली तर भरायचं त्यांनी. मग ते एकदम वेगळ्याच सुरात म्हणाले, की काही वर्षांपूर्वी एका शिकणाऱ्या माणसाने ऐन चौकात ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलेटर दाबला होता आणि गाडी भाजीच्या हातगाडीत घुसली होती. म्हातारी थोडक्यात वाचली. "तेव्हापासून माझे पाय पेडलवरून निघत नाहीत. मी ठेवत नाही, ते जातात. घरी टीव्ही बघताना पण जातात. बायको हसते."

हे ऐकून मी जरा मऊ झाले. खोटं कशाला बोलू, किल्ली फिरवावी असंही वाटलं. माझा स्वभावच तसा आहे, समोरच्याने दोन वाक्यं नीट बोलली की मी माघार घेते. पण क्लच पायाखालून हलकेच निसटायचा ती जाणीव आठवली आणि मला पुन्हा संताप आला.

"भाऊ, मी तुम्हाला मदत करू नका म्हणत नाही. संकट दिसलं तर टाका पाय खाली. पण आधी ओरडा. 'पाय' म्हणा. म्हणजे मला कळेल की इथे माझं चुकलं होतं. गुपचूप नको."

"आणि नाही बसलो मांडी घालून तर?"

"तर मी इथेच बसते. माझी वेळ संपेपर्यंत."

"माझी पण वेळ धरा," भाभी म्हणाल्या. "घरी जाऊन तरी काय, वीस माणसांचा नाश्ता."

आम्ही खरोखर बसलो. रस्त्याने दूधवाले गेले, शाळेच्या रिक्षा गेल्या. एक ओळखीचा मोटारसायकलवाला थांबून म्हणाला, "काय भाऊ, पेट्रोल संपलं का?" तो गेल्यावर भाऊंनी चपला काढल्या, 'अरे देवा' म्हणत एक पाय वर घेतला, मग दुसरा. छोट्या गाडीत त्यांचे गुडघे एकीकडे दाराला आणि एकीकडे गिअरला लागले. डावा हात त्यांनी खिडकीवरच्या कडीला धरला आणि उजवा हँडब्रेकवर घट्ट ठेवला.

"चला," ते म्हणाले. "गणपतीसारखा बसलोय. आता विसर्जन करू नका म्हणजे झालं."

त्या दिवशी मी बाभळीपर्यंत पोहोचले. तलावापर्यंत जायला पुढचे कितीतरी दिवस लागले.

पुढचे ते दिवस आठवले की अजून कान गरम होतात. सगळ्यात वाईट लहान पुलाकडचा चढ. तिथे गर्दीत थांबावं लागायचं आणि पुन्हा निघताना गाडी बंद पडायची. मागून हॉर्न. रिक्षावाले मान बाहेर काढून, "ताई, धक्का मारू का?" एकाने तर भाऊंना ओळखलं. "भाऊ, ध्यानाला बसले का? गाडी तरी उठवा!" भाऊंचं तोंड लाल. पण पाय खाली आला की आधी "पाय!" असं ते ओरडायचे, आणि मी मनात म्हणायचे, इथे चुकलं. सुरुवातीला एका फेरीत इतक्या वेळा "पाय! पाय!" व्हायचं की भाभी मागे डोळे मिटून बसायच्या. नंतर भाभींनी स्वतःसाठीही तोच नियम लावला, आणि त्यांची फेरी असली की डोळे मिटून मी बसायचे.

वर्गातल्या मुलींना हे कळलं तेव्हा त्यांना मी वेडी वाटले. एक म्हणाली, "सगळ्या जगाला सहज मिळतं, ते तुलाच कठीण करून हवं." मी काही उत्तर दिलं नाही. तिथल्या तिथे मला सुचत नाही. पण मी दुसऱ्या दिवशी साडेसहाला गाडीपाशी होते.

एकदा बाबा टेम्पोने माल घेऊन धुळ्याला आले होते. माल उतरेपर्यंत वेळ होता म्हणून सकाळच्या फेरीला आले आणि मागे भाभींशेजारी, अंग चोरून बसले. त्या दिवशी भाऊंनी गाडी लळिंगच्या बाजूला नेली होती. परतीला घाट उतरताना स्टिअरिंग माझ्या हातात होतं. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी आपली गुरगुरत, धरून उतरत होती.

"न्यूट्रल कर," मागून बाबा म्हणाले.

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

"अवं न्यूट्रल कर ना! उतार शे. फुकट तेल जाळी राहिनी."

"नही करस, बाबा."

"काब्र?"

"न्यूट्रल केलं की इंजिन गाडीला धरत नही. बठ्ठा भार ब्रेकवर येस. ब्रेक तापनात म्हंजे?"

"मी इतला वरीस करी राहिनू. काय व्हयनं मले?"

मला खरं तर गप्प बसायचं होतं. बाबांना मी कधी उलट बोललेली नाही. ज्या गाडीने आमचं घर चाललं, त्याच गाडीबद्दल मी त्यांना काय सांगणार? पण हात स्टिअरिंगवर माझे होते. "तुमले काही व्हयनं नही, ते चांगलं व्हयनं," मी म्हणाले. "पण मी नही करनार."

भाऊ, मांडी घातलेले, समोर बघत हळूच म्हणाले, "माझं पण ताई काही ऐकत नाहीत हो." बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. देवपूरला उतरल्यावर त्यांनी चहा घेतला नाही. "शेठ वाट देखी राहिना," म्हणाले आणि निघून गेले. मला रात्रभर वाईट वाटलं. पण माझं म्हणणं चुकलं असं काही वाटलं नाही, आणि हे माझ्यासाठी नवीन होतं.

केळीच्या कंपनीला मी अर्ज केला होता; टेस्टची तारीख त्यांच्या मुलाखतीच्या आधी आठवडाभर आली. भाऊंनी आदल्या दिवशीच सांगून टाकलं, "उद्या मी नेहमीसारखा बसणार. मैदानावर नाटक नको. मुलाखत आहे ना तुमची? मग कार्ड घ्या आणि सुटा." आणि हे मला पटण्यासारखं होतं. एवढे दिवस मी शिकले होतेच. एक दिवस भाऊंचे पाय खाली असले तर काय बिघडणार होतं? रात्री मी हाच विचार करत होते. मला वाटतं, बाजूला मैत्रीण असती आणि ती 'काही बिघडत नाही' म्हणाली असती, तर मी ऐकलं असतं.

मैदानावर बरीच रांग होती. तपासणारे साहेब तरुण होते, डोक्याला रुमाल बांधून उन्हात उभे. माझं नाव पुकारलं. मी स्टिअरिंगमागे, भाऊ बाजूला. त्यांच्या चपला पायातच होत्या आणि पाय पेडलांवर. मी काच खाली केली.

"साहेब, भाऊ उतरले तर चालेल का?"

"का?"

"यांच्या बाजूला पण क्लच-ब्रेक आहे. मला माझी माझी टेस्ट द्यायची आहे."

रांगेतली माणसं बघायला लागली. भाऊ दातओठ खात पुटपुटले, "ताई, इज्जत काढता का माझी?" साहेबांनी वाकून भाऊंचे पाय बघितले. मग म्हणाले, "उतरा भाऊ. लर्निंगवाल्याला एकटं सोडता येत नाही, मी बसतो." ते शेजारी येऊन बसले आणि दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले.

वळणं नीट झाली. मागे घेणं नीट झालं. मग सिमेंटचा चढ आला. अर्ध्यावर थांबायचं आणि गाडी मागे न जाऊ देता पुन्हा निघायचं. मी थांबले. हँडब्रेक ओढला. क्लच वर घेतला, गाडी थरथरली, मी हँडब्रेक सोडला, आणि गाडी मागे गेली. मी ब्रेक मारला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

"बस," साहेब म्हणाले. ते रागावले नव्हते. "चढाचं करून या पुन्हा. बाकी बरं आहे."

भाऊ बाहेर हाताची घडी घालून उभे होते. मी उतरले तसे म्हणाले, "झालं समाधान? माझं पहिलं नापास माणूस. सगळ्या मैदानासमोर." आणि गाडी घेऊन निघून गेले, मला न घेताच. भाभी त्यांच्या दुकानाच्या ड्रायव्हरबरोबर आल्या होत्या. त्यांनी मला होस्टेलवर सोडलं. वाटेत त्या एकदाच म्हणाल्या, "बेटा, रडून घे." मी रडले नाही. मला रडायला आलं ते रात्री, फोनवर.

"फेल व्हयनी ना?" बाबांनी विचारलं. त्यांना भाऊंनी आधीच सांगितलं होतं.

"हो."

"भाऊ सांगत व्हता, तेना पाय ऱ्हातात तर पास व्हती."

"हो."

मला वाटलं आता म्हणतील, कॉलेजात जाऊन हेच शिकनी का.

"कितली मांगे गयी गाडी?"

"हातभर. नही, जास्त."

"मांगे कोन व्हतं?"

"कोनीच नव्हतं."

"मंग ठीक शे," ते म्हणाले. "चढवर क्लच लगेच सोडू नको. गाडीनं नाक वर उचललं ना, की पाय तठेच धर. तठेच. मंग हँडब्रेक." आणि मग खांद्यात फोन दाबून, बहुधा हाताने दाखवतच, ते मला कितीतरी वेळ चढाबद्दल सांगत राहिले. इतकं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

मुलाखतीला मी गेले. लायसन्स विचारल्यावर सांगितलं, की चढावर नापास झाले, पुढची तारीख मिळाली आहे. समोरचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी रोपांबद्दल बरेच प्रश्न विचारले आणि मला उत्तरं आली. शेवटी म्हणाले, "आम्हाला या महिन्यात माणूस गाडीवर हवा आहे." मी म्हणाले, "मला तेवढ्यात लायसन्स मिळणार नाही." बाहेर व्हरांड्यात माझ्यासारखीच एक मुलगी बसली होती. आत काय झालं ते मी सांगितल्यावर तिने विचारलं, "एवढ्यासाठी खरं कशाला सांगितलंत?" तिलाही मी उत्तर दिलं नाही. बसमध्ये एरंडोल गेल्यावर मला उत्तर सुचलं, पण तेव्हा शेजारी एक आजी झोपल्या होत्या.

ती जागा दुसऱ्या कोणालातरी मिळाली. वाईट वाटलं, फार वाटलं. तरी मी भाऊंच्या दारात पुन्हा गेले. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, किल्ली नुसती टेबलावर सरकवायचे. तिसऱ्या दिवशी लहान पुलाच्या चढावर, रिक्षांच्या मधोमध, मी गाडी थांबवली, नाक उचलेपर्यंत क्लच धरला, आणि निघाले. एकही हॉर्न वाजला नाही. भाऊंनी हँडब्रेकवरचा हात उचलून नुसता मांडीवर ठेवला.

दुसऱ्या टेस्टला साहेब तेच होते. त्यांनी मला ओळखलं की नाही, कळलं नाही. न सांगताच भाऊ उतरले. वळणं, मागे घेणं, चढ. चढावर मी थांबले, मागच्या आरशात रिकामं सिमेंट दिसत होतं. गाडीने नाक उचललं. मी पाय तिथेच धरला. गाडी पुढे गेली.

"पुढचा!" साहेब खिडकीतून ओरडले आणि उतरले.

भाऊंनी खुशीत फोन काढला. पास झालेल्या प्रत्येकाचा ते मैदानावरच फोटो काढतात, गाडीला टेकून, अंगठा वर करून, आणि खाली 'पहिल्याच प्रयत्नात यशस्वी' असं लिहून स्टेटसला लावतात. सगळ्यांचं तेच वाक्य. ते टाइप करायला लागले.

"भाऊ, दुसऱ्या प्रयत्नात लिहा."

"कोण विचारतंय ताई? लोक फोटो बघतात."

"मी विचारतेय. दुसऱ्या लिहा, नाहीतर फोटो नको."

"अहो, धंदा बसेल माझा! नापास होतात म्हटल्यावर माझ्याकडे कोण येईल?"

"ज्यांना चालवायची आहे ते येतील."

हे मी तिथल्या तिथे बोलले. मलाच आश्चर्य वाटलं. बाजूला उभ्या असलेल्या भाभी जोरात हसल्या. भाऊंनी फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, अंगठ्याने काहीतरी खोडलं आणि पुन्हा लिहिलं. मग स्क्रीन माझ्यासमोर धरली. 'दुसऱ्या प्रयत्नात यशस्वी,' मी वाचलं.

"आता उभ्या राहा नीट," ते म्हणाले. "ऊन डोळ्यावर येतंय, थोड्या इकडे सरका."